बसल्या जागेचे काम आणि गावाची जबाबदारी

(जागतिक दिव्यांग दिनानिमित्त बीड येथे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्यांच्या मेळाव्यात, संकेतस्थळे तयार करण्याचा स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या एका दिव्यांग व्यावसायिकाने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आज मी येथे उभे राहून चार शब्द बोलावेत, असे मला सांगण्यात आले होते. उभे राहणे मला कठीण जाते, म्हणून बसूनच बोलण्याची परवानगी मी अध्यक्षांकडून घेतली आहे. माझे सारे काम बसल्या जागीच चालते आणि त्याच कामाविषयी मला बोलायचे आहे. तेव्हा हे बसणे अप्रस्तुत ठरणार नाही, अशी आशा आहे.

अशा समारंभात दिव्यांगांच्या जिद्दीचे कौतुक होते. कौतुक कोणाला नको असते? परंतु आज मी जिद्दीविषयी बोलणार नाही. एखादे कौशल्य माणूस स्वतःच्या बळावर किती दूरपर्यंत शिकू शकतो आणि कोणत्या ठिकाणी त्याचे स्वतःचे बळ पुरत नाही, एवढेच मला सांगायचे आहे. कारण ते बळ जेथे पुरत नाही, ती ठिकाणे बहुतेक आपल्याच हाती आहेत.

ऊसतोडीच्या घरात

माझे गाव केज तालुक्यातील. जन्म १९८८ चा. दुसऱ्या वर्षी तापाचे निमित्त झाले आणि दोन्ही पाय पोलिओने गेले. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९९५ मध्ये, देशात पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त झाल्याचे जाहीर झाले. त्या मोहिमेत रविवारी बूथवर बसलेले शिक्षक आणि घरोघर फिरलेल्या आरोग्यसेविका या सभागृहातही असतील. माझ्या पाठच्या मुलांना त्यांनी वाचवले, हे ऋण मी प्रथम मान्य करतो.

माझे आईवडील ऊसतोड कामगार. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन ते कारखान्याच्या भागात जात आणि उन्हाळा लागल्यावर परत येत. आपल्या जिल्ह्यात नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात, हे आपणांस सांगावयास नको. ज्या घरात माणसांची मोजणी कोयत्याने होते, त्या घरात उभा राहू न शकणारा मुलगा कोणत्या हिशेबात बसणार? मी आजीजवळ गावीच राहिलो. त्यात एक गोष्ट मात्र उलटी घडली. बरोबरीची मुले आईबापांबरोबर कोपीवर जात आणि त्यांची शाळा मध्येच सुटे. माझी शाळा सुटली नाही. २००४ साली मी दहावी झालो, पुढे बारावी झालो आणि यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून घरी बसून पदवीचा अभ्यास केला.

संगणक शिकावा, असे बारावीनंतर मनात आले. तालुक्याच्या गावी एक संगणक वर्ग होता; तो दुसऱ्या मजल्यावर. दोन दिवस थोरल्या भावाने मला पाठीवर घेऊन वर नेले. तिसऱ्या दिवशी त्याला रानात काम निघाले. एक संगणक तळमजल्यावर ठेवता येईल काय, असे मी चालकांना विचारले. ते सज्जन गृहस्थ होते. ते म्हणाले, “अरे, एका मुलासाठी कसं ठेवणार?” मला त्यांचा राग आला नाही, त्यांचा हिशेब त्यांच्या परीने बरोबरच होता. परंतु ‘एका मुलासाठी’ हे शब्द मी पुढे इतक्या ठिकाणी ऐकले, की आजचे माझे भाषण म्हणजे त्या शब्दांना दिलेले उत्तर आहे, असे समजण्यास हरकत नाही.

२०१० च्या हंगामाला निघताना आईने मुकादमाकडे नेहमीपेक्षा आठ हजार रुपये अधिक उचल मागितली. तो म्हणाला, “जास्तीची कशाला?” आई म्हणाली, “पोराला मशीन घ्यायचंय.” “कसलं, शिलाईचं?” “न्हाई. बसून करायच्या कामाचं.” त्या पैशांत एक जुना संगणक घरात आला. त्या आठ हजारांची फेड आईने ऊस तोडून केली. माझ्या शिक्षणावर झालेला मोठा खर्च हा एवढाच.

खुले ठेवलेले शास्त्र

शिक्षक नाही, वर्ग नाही, मग शिकलो कसा, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. याचे उत्तर माझ्या बुद्धीत नसून या शास्त्राच्या जन्मकथेत आहे.

टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने जिनेव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेत १९८९ साली वेबची कल्पना मांडली. संस्थेतील माहिती एकमेकांना जोडलेल्या पानांतून सर्वांना वाचता यावी, हा तिचा हेतू. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांसाठी खुले केले. त्यावर कोणाचे शुल्क राहिले नाही, कोणाची परवानगी घ्यावी लागेनाशी झाली. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ पासून विदेश संचार निगमने सर्वसामान्य ग्राहकांना इंटरनेट देण्यास प्रारंभ केला.

या खुलेपणाचा एक परिणाम फार मोलाचा आहे. संगणकावर कोणतेही संकेतस्थळ उघडावे आणि कंट्रोल व यू ही दोन बटणे एकत्र दाबावीत; ते पान कोणत्या सूत्रांनी बांधले आहे, ते डोळ्यांसमोर उलगडते. सुताराने बनवलेली खुर्ची पाहून तिचे सांधे आतून कसे बसवले आहेत हे कळत नाही. येथे मात्र प्रत्येक सांधा दिसतो. एचटीएमएल ही मांडणीची भाषा, सीएसएस ही रूपाची आणि जावास्क्रिप्ट ही हालचालीची. मजकुराचा मथळा कोणता, परिच्छेद कोणता, चित्र कोठे, हे पहिली सांगते. रंग, आकार, अंतर दुसरी ठरवते. बटण दाबल्यावर काय घडावे, हे तिसरी पाहते. या तीन भाषा येऊ लागल्या, की साधे संकेतस्थळ उभे राहते. पुढे माहिती साठवणे, अर्ज स्वीकारणे, पैसे भरून घेणे यांसाठी आणखी भाषा शिकाव्या लागतात.

माझ्या घरी त्या वेळी इंटरनेट नव्हते. भाऊ बाजाराच्या दिवशी केजला गेला, की तेथील इंटरनेट कॅफेत मी कागदावर लिहून दिलेली पाने पेन ड्राइव्हमध्ये भरून आणी. आठवडाभर मी ती उलगडून पाही. इंग्रजी कच्चे होते, म्हणून शेजारी शब्दकोश असे. भारनियमन असल्यामुळे वीज येईल त्या वेळी, पुष्कळदा मध्यरात्रीनंतर, अभ्यास होई. एक चूक सापडण्यास तीन-तीन दिवस लागत. अर्धविराम राहिला म्हणून संपूर्ण पान बंद पडे. विचारावे असे जवळ कोणी नव्हते. अशा शिक्षणात वेळ फार जातो. तथापि स्वतः शोधून काढलेली चूक पुन्हा होत नाही, हाही अनुभव आहे.

दोन वर्षांनी मी पाने बांधू लागलो. येथपर्यंतचा रस्ता मी एकट्याने चाललो, असे म्हणता येईल.

पहिले काम

यापुढचा रस्ता एकट्याचा नव्हता. सुताराला आपली कारागिरी दाखवण्यासाठी निदान एक खुर्ची कोणाच्या तरी ओसरीवर असावी लागते. मजजवळ दाखवण्यासारखे काहीच नव्हते. चार ठिकाणी विचारले. कोणी प्रमाणपत्र मागितले, कोणी माझ्या कुबड्यांकडे पाहून, काम मागण्याआधीच हातावर पैसे ठेवले. ते पैसे परत देताना मनाला जे वाटते, ते सांगण्याचे हे स्थळ नव्हे.

अखेर २०१२ मध्ये एका कृषी सेवा केंद्राच्या मालकांनी मला काम दिले. बियाणे, खते, फवारणीची औषधे यांची माहिती देणारे सहा पानांचे संकेतस्थळ. मोबदला तीन हजार रुपये. त्यांनी दीड हजार आधी दिले आणि म्हणाले, “ही उचल समज. राहिलेले काम झाल्यावर. पण काम मला पटलं पाहिजे.” त्यांनी ते दोनदा पसंत केले नाही. तिसऱ्यांदा केले. एखाद्याने माझे काम नापसंत करावे, याचा आनंद मला त्या दिवशी कळला. कारण दया करणारा माणूस दुरुस्त्या सांगत नाही.

त्या सहा पानांवर माझा व्यवसाय उभा राहिला. ती पाने पाहून पुण्याच्या एका छापखान्याने काम दिले, त्यावरून दुसऱ्याने. २०१६ नंतर फोर-जी सेवा स्वस्त झाली आणि गावात बसून दूरच्या ग्राहकांशी बोलणे सोपे झाले. माझे कित्येक ग्राहक मला कधीही भेटलेले नाहीत. मला चालता येत नाही, हे त्यांना ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही.

या व्यवसायाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. यात दरमहा पगार नाही. एखादा महिना भरपूर काम, पुढचे दोन महिने रिकामे, असे घडते. ग्राहक मिळवून देणारी इंटरनेटवरील केंद्रे आहेत. त्यांतील काही मोबदल्याचा पाचवा हिस्सा कापून घेतात. मुकादम कोणत्याही धंद्यात असतोच, हे ऊसतोडीच्या घरातील मुलाला समजावून सांगावे लागत नाही. तासन् तास बसल्याने पाठ धरते. ज्यांच्या मणक्याला इजा आहे त्यांना बसून जखमा होतात, म्हणून योग्य खुर्ची, उशी आणि ठरावीक वेळाने अंग हलवणे ही चैन नसून गरज असते. आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने साधे पान काही मिनिटांत तयार करून देतात. जो केवळ सूत्रे टंकलिखित करतो, त्याचे काम त्यामुळे कमी होईल. ग्राहकाला खरोखर काय हवे आहे ते ओळखणारा, तयार झालेले तपासणारा आणि बिघडल्यास जबाबदारी घेणारा माणूस मात्र लागणारच. म्हणून शिक्षकबंधूंना माझी विनंती आहे, की या कामाकडे जादू म्हणून पाहू नये आणि प्रत्येक दिव्यांग मुलाला याच वाटेला लावू नये. ज्याला कोडी सोडवण्याची आणि वाचनाची आवड आहे, त्याला हे दाखवावे; इतरांना त्यांच्या आवडीचे दाखवावे.

आपल्यातीलच उदाहरणे

स्वतः शिकून या क्षेत्रात पाय रोवणे आपल्या जिल्ह्यास नवे नाही. आष्टी तालुक्यातील सांगवी पाटण येथील श्री. दादासाहेब भगत यांचे नाव आपण ऐकले असेल. दहावीनंतर पुण्यास जाऊन त्यांनी इन्फोसिस कंपनीच्या अतिथिगृहात नऊ हजार रुपये पगारावर काम केले. तेथे संगणकावर काम करणारी मंडळी पाहून त्यांनी आरेखन व सचेतन चित्रांची कला शिकून घेतली आणि पुढे संगणकाच्या भाषाही आत्मसात केल्या. मोटार अपघातामुळे अंथरुणाला खिळून राहावे लागले, तेव्हा घरी बसून केलेल्या आरेखनांतून त्यांच्या स्वतंत्र व्यवसायाची वाट निघाली. २०२० च्या टाळेबंदीत ते गावी परतले आणि टेकडीवरील गोठ्यात त्यांनी आपले कार्यालय थाटले. त्यांना कायमचे अपंगत्व नाही. तरीही अंथरुणावरचा माणूस कामातून उठत नाही, हे त्यांच्या त्या काळातून दिसते.

दिव्यांगांच्या बाबतीत हाच विचार महाराष्ट्रात संगणकाच्या पुष्कळ आधी रुजला. बाबा आमटे यांनी आनंदवनात ‘संधिनिकेतन’ उभारून दिव्यांगांना हातांचे व्यवसाय शिकवले. कोल्हापूरच्या नसीमादीदी हुरजूक यांना तरुण वयातच कमरेखालील भागाचा पक्षाघात झाला. चाकाच्या खुर्चीवरून त्यांनी केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली आणि १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था स्थापन केली. शाळा आणि वसतिगृहाबरोबरच सिंधुदुर्ग जिल्ह्यात काजू प्रक्रियेचा उद्योग त्यांच्या संस्थेने उभा केला, आणि तेथे दिव्यांग व्यक्ती काम करून पगार घेतात. या दोन्ही ठिकाणी माणसाला कामाच्या जागी आणले गेले. आज काम माणसाच्या जागी आणता येते, हा काळाने केलेला फरक आहे.

मीच बंद केलेले दार

आता मी माझी एक चूक सांगतो. ती सांगितल्यावाचून हे भाषण प्रामाणिक होणार नाही.

काही वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेसाठी मी प्रवेश अर्जाचे संकेतस्थळ तयार केले. दिसावयास ते फार देखणे होते. मला त्याचा अभिमान होता. एके दिवशी दुसऱ्या जिल्ह्यातील एका अंध शिक्षकांचा दूरध्वनी आला. ते म्हणाले, “साहेब, आपल्या पानावर मला ‘बटण, बटण, बटण’ एवढंच ऐकू येतं. कोणतं बटण कशाचं, ते कळत नाही. माझ्या एका अंध विद्यार्थ्याचा अर्ज भरायचा होता. माणूस शोधेपर्यंत मुदत संपली.”

मी गप्प राहिलो. दुसऱ्या मजल्यावरचा संगणक वर्ग मला आठवला. पायऱ्या बांधणारा या वेळी मीच होतो.

अंध व्यक्ती संगणक वापरतात त्या ‘स्क्रीन रीडर’ या प्रणालीने. पडद्यावरील मजकूर ही प्रणाली मोठ्याने वाचून दाखवते. ‘एनव्हीडीए’ नावाची अशी एक प्रणाली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध तरुणांनी तयार केली. २००६ मध्ये तिचा प्रारंभ झाला आणि ती विनामूल्य मिळते. मराठीही ती वाचते. परंतु बटणाला नाव दिलेले नसेल, चित्राचे वर्णन लिहिलेले नसेल, तर ती तरी काय वाचणार? त्या रात्री मी ती प्रणाली संगणकात घेतली, पडदा बंद केला आणि माझाच अर्ज भरू लागलो. तो मला भरता आला नाही.

दुरुस्तीला दोन दिवस लागले. अर्जातील प्रत्येक रकान्याला नाव, प्रत्येक चित्राला वर्णन, माऊसशिवाय केवळ कळफलकाने सर्व कामे होण्याची सोय, आणि फिकट अक्षरांच्या जागी ठळक अक्षरे. एवढेच काम. ते आधी केले असते, तर एका मुलाचे वर्ष वाचले असते. त्या संस्थेत तेव्हा कोणी मला विचारले असते, तर ‘एका मुलासाठी’ म्हणून मीही कदाचित ते टाळले असते. म्हणून इतरांना दोष देण्याचा अधिकार मला फारसा नाही. जे शिकलो ते सांगण्याचा मात्र आहे.

कायदा काय सांगतो

येथील अधिकारी बंधुभगिनी माझ्याहून अधिक जाणतात. तरी पंचायत सदस्यांच्या माहितीसाठी थोडक्यात सांगतो.

दिव्यांगांसाठी पहिला व्यापक कायदा १९९५ साली झाला. त्याची जागा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने घेतली. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केलेले आहेत, चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी शासकीय नोकऱ्यांत किमान चार टक्के, तर दारिद्र्य निर्मूलनाच्या योजनांत पाच टक्के राखीव जागांची तरतूद आहे. इमारतींप्रमाणेच माहिती आणि संगणकीय सेवाही दिव्यांगांना वापरता आल्या पाहिजेत, असे हाच कायदा सांगतो. शासकीय संकेतस्थळांसाठी केंद्र शासनाची मार्गदर्शक सूत्रे २००९ पासून आहेत. सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपाचे असून चालणार नाहीत, ते बंधनकारक असले पाहिजेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. आणि एप्रिल २०२५ मध्ये, संगणकीय सेवांपर्यंत पोहोचता येणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग होय, असे स्पष्ट केले.

आपल्या राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. स्वयंरोजगारासाठी कर्ज देणारे दिव्यांग वित्त व विकास महामंडळ आहे. आणि ग्रामपंचायतींनी आपल्या स्वउत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाची आहे, हे आपण जाणताच.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यांपैकी शेकडा ६९ खेड्यांत राहत होत्या. म्हणजे हा प्रश्न मुख्यतः शहरातील कार्यालयांचा नसून ग्रामपंचायतीच्या दाराशी असलेला आहे.

आपल्या हाती काय आहे

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मी स्वतः शिकलो, परंतु तीन गोष्टी मला स्वतःला निर्माण करता आल्या नाहीत: साधन, पहिले काम आणि वेळेवर दाम. तिन्हींविषयी मी नम्रपणे काही सुचवतो.

पहिली गोष्ट साधनाची. पाच टक्के निधीतून काय घ्यावे, हे ठरवताना संबंधित व्यक्तीला विचारण्याची प्रथा आपण पाडावी. ज्याला तीनचाकी सायकल हवी त्याला ती मिळावीच. परंतु घरात दोन सायकली गंजत पडलेल्या असताना तिसरी देण्यापेक्षा, शिकू पाहणाऱ्या मुलीला नियमांच्या चौकटीत संगणक, योग्य खुर्ची किंवा वर्षभराची इंटरनेट जोडणी देता येईल काय, याचा विचार व्हावा. ग्रामपंचायतीत आपले सरकार सेवा केंद्र आहे, संगणक आहे. दुपारचे दोन तास तो तिला वापरू द्यावा. दारात उतार नसेल, तर तो बांधावा. उताराचा खर्च एकदाच येतो, आणि म्हातारी माणसे, गरोदर स्त्रिया, गुडघे धरलेले शेतकरी हे सारे त्यावरून चालतात.

दुसरी गोष्ट पहिल्या कामाची. शाळा, पतसंस्था, दूध संघ, शेतकरी उत्पादक कंपन्या यांना आज संकेतस्थळे लागतात. पुष्कळ ठिकाणी ती एकदा तयार होतात आणि नंतर नावाचे वार्षिक शुल्क भरण्याचे कोणाच्या ध्यानी राहत नाही, म्हणून बंद पडतात. संकेतस्थळाचे नाव हे जमिनीसारखे खरेदी केलेले नसते, ते वर्षाच्या बोलीवर घेतलेले असते. अशी देखभालीची लहान कामे, नियमाप्रमाणे दरपत्रके मागवून, तालुक्यातील दिव्यांग तरुणतरुणींपर्यंत पोहोचतील असे पाहावे. काम नीट नसेल, तर परत करावे. दोनदा परत करावे. परंतु मागण्याची संधी द्यावी. आणि मजकूर देताना तो युनिकोड मराठीत टंकलिखित करून द्यावा. कागदाचे छायाचित्र काढून टाकलेली सूचना अंध वाचकाला कोरा कागद असते.

तिसरी गोष्ट दामाची. एका संस्थेने माझे अठरा हजार रुपये चौदा महिने दिले नाहीत. नाव घेण्याचे कारण नाही. विचारणा केली, की प्रत्यक्ष येऊन भेटा, असे सांगत. आणि ते कार्यालयही वरच्या मजल्यावर होते. अशा वेळी उपयोगी पडणारा कायदा आहे, हे मला फार उशिरा समजले. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा २००६ चा कायदा सांगतो, की नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योगाचे देणे कोणत्याही करारान्वये ४५ दिवसांपलीकडे लांबवता येत नाही. लांबवल्यास व्याज द्यावे लागते. त्यासाठीची ‘उद्यम’ नोंदणी जुलै २०२० पासून इंटरनेटवर विनामूल्य होते आणि एकट्याने व्यवसाय करणाऱ्यालाही करता येते. सेवा केंद्रचालकांनी प्रत्येक दिव्यांग व्यावसायिकाची ही नोंदणी आणि दिव्यांगत्वाचे वैश्विक ओळखपत्र, ही दोन कामे आपणहून करून द्यावीत. आणि आपण देणेकरी असू, तेथे देयक वेळेवर चुकते करावे. ज्याला पैसे मागण्यासाठी फेऱ्या घालता येत नाहीत, त्याला उशिराने दिलेला पैसा हा अर्धाच दिलेला पैसा होय.

शिक्षकांसाठी शेवटची एक विनंती. आपल्या वर्गात असे मूल असेल, तर संगणकाच्या तासाला ते कोठे बसते, एवढे पाहावे. संगणक कक्ष वरच्या मजल्यावर असेल, तर एक संगणक खाली आणावा.

‘एका मुलासाठी?’ असा प्रश्न येईल. तो येऊ द्यावा. माझ्यासाठी आईने हंगामभर अधिक ऊस तोडला, तोही एकाच मुलासाठी. आज माझ्याबरोबर तालुक्यातील तिघे शिकतात. त्यांतील एकीला डाव्या हातानेच काम करता येते, आणि माझ्या पानांतील चुका तीच माझ्याआधी शोधून काढते. त्यांनी तयार केलेले प्रत्येक संकेतस्थळ ग्राहकाला देण्यापूर्वी आम्ही पडदा बंद करून एकदा नुसते ऐकतो. बटणाचे नाव ऐकू आले, तरच ते काम पूर्ण झाले असे समजतो.

त्या अंध शिक्षकांचा पुढच्या वर्षी पुन्हा दूरध्वनी आला. त्यांच्या विद्यार्थ्याने अर्ज स्वतः भरला होता. कोणाचीही मदत न घेता. मला एवढेच कळवायचे होते, असे म्हणून त्यांनी दूरध्वनी ठेवला.